राजीनाम्यावर सही केली तर ईएसआयचे बेकारीचे पैसे मिळतात का?

आधी पत्र. थोडं कापलंय, बाकी ताईंच्याच शब्दांत आहे. (ईएसआय म्हणजे पगारातून कापला जाणारा राज्य कामगार विमा.)

"नमस्कार मॅडम, मी दिघ्याला राहते, रबाळे एमआयडीसीत एका कंपनीत पॅकिंगला होते. कंपनीच्या पेरोलवर नाही, कंत्राटदाराच्या. २०१८ पासून माझा ईएसआय कापला जातो. मागच्या वर्षी ३० सप्टेंबरला कंत्राटदार बदलला, मधे अडीच महिने घरी बसवलं आणि १६ डिसेंबरला नव्या कंत्राटदाराने परत त्याच मशीनवर घेतलं. पगार तोच, १८,५०० च्या आसपास, दोन वर्षं वाढ नाही. आता १५ एप्रिलला आमची लाइनच बंद केली. सुपरवायझरने ग्रुपवर मेसेज टाकला की उद्यापासून पॅकिंगच्या मुलींनी येऊ नये. दोन दिवसांनी बोलावून एक छापील कागद दिला, 'मी वैयक्तिक कारणास्तव स्वखुशीने राजीनामा देत आहे'. सही केली तर एप्रिलचे राहिलेले पैसे आणि वर १०,००० देतो म्हणाला, नाही केली तर पगार अडकेल म्हणाला. अकरा जणींपैकी सहा जणींनी केली. मी कागद घरी आणलाय. मिस्टर म्हणतात करून टाक, कटकट नको. कोणी सांगतं ईएसआयचे तीन महिने पैसे मिळतात, कोणी म्हणतं दोन वर्षं. घणसोलीत एक सायबरवाला फॉर्म भरायचे ३,००० मागतोय. माझ्या मैत्रिणीचा पगार २२,४०० होता, तिलापण मिळेल का? आणि लेकीचे दवाखान्याचे कार्ड बंद होईल का? - एक वाचक, दिघा"

ताई, पहिलं हे, बाकीचं वाचायच्या आधी. त्या कागदावर सही करू नका. तुम्ही तो घरी आणलात हे तुमचं नशीब म्हणा किंवा हुशारी म्हणा, सुपरवायझरसमोर उभं राहून "घरी विचारून सांगते" म्हणणं सोपं नसतं, मला माहितीये.

आता तीन महिने की दोन वर्षं. तुम्हाला सांगणारे दोघंही बरोबर आहेत, गंमत तीच आहे. ईएसआयमध्ये बेकारीच्या दोन वेगळ्या स्कीम आहेत आणि लोक त्यांची खिचडी करतात. एक अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना, ती ९० दिवसांची आणि आयुष्यात एकदाच. दुसरी राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना, १ एप्रिल २००५ पासूनची जुनी, ती २४ महिन्यांपर्यंत जाते. पण ही दुसरी फक्त कारखाना बंद पडला, कामगार कपात झाली म्हणजे ज्याला रिट्रेंचमेंट म्हणतात ते झालं, किंवा कायमचं अपंगत्व आलं तरच मिळते. आता बघा, तुमच्याकडे लाइन बंद झाली, म्हणजे झाली ती कपातच, आणि कागदावर काय लिहून घेतायत? वैयक्तिक कारण. स्वखुशी. हा कागद कोणाच्या सोयीचा आहे ते तुम्हीच सांगा.

मी वागळे इस्टेटला बरीच वर्षं पेरोल केलंय, म्हणजे समोरच्या बाजूला बसलेली होते, म्हणून आतली गोष्ट सांगते. दर महिन्याला ईएसआयसीच्या, म्हणजे हा विमा चालवणाऱ्या महामंडळाच्या, पोर्टलवर प्रत्येक कामगाराचे दिवस आणि पगार भरायचा असतो, आणि ज्याचे दिवस शून्य त्याच्यापुढे कारण निवडायचं असतं. ती एक यादी खाली उघडते. लेफ्ट सर्व्हिस, रिटायर्ड, आउट ऑफ कव्हरेज, रिट्रेंचमेंट, नो वर्क, असं बरंच. शेजारी शेवटच्या दिवसाची तारीख. एका वर्षी आमच्याकडून बरेच जण कमी केले आणि मी काय केलं, तर सगळ्यांपुढे लेफ्ट सर्व्हिस ठोकलं, कारण ते वरच्या बाजूला होतं आणि हाताला सवय होती. कोणी मुद्दाम सांगितलं नव्हतं, कोणी विचारलंपण नाही. चार-पाच महिन्यांनी एक काका आले, दुकानाच्या पिशवीत सगळे कागद, पिशवीला पण रबरबँड. म्हणाले, मॅडम, ब्रँचवाले सांगतात मी सोडून गेलो. मी कुठे सोडून गेलो, मी तर गेटबाहेर आठ दिवस उभा होतो की परत घेतायत का. मी स्क्रीन उघडून त्यांच्या नावापुढचं लेफ्ट सर्व्हिस बघितलं आणि तोंडातून शब्द निघेना. तर ताई, तो एक शब्द कोणी निवडला आणि का निवडला यावर पुढचं सगळं फिरतं, आणि तुमची सही असलेला राजीनामा फाइलला लागला की पेरोलवालीला तो शब्द निवडायला कारणच मिळतं.

आता पैशाचा हिशोब, कारण मिस्टरांना तोच दाखवा. पेनने एका कागदावर मांडा.

अटल योजनेत सरासरी रोजच्या कमाईच्या ५० टक्के मिळतात. सुरुवातीला, १ जुलै २०१८ ला आली तेव्हा २५ टक्केच होते, लॉकडाउनच्या वर्षी वाढवून ५० केले. रोजची कमाई काढताना आधीच्या चार कॉन्ट्रिब्युशन पीरियडची एकूण कमाई घेऊन तिला ७३० ने भागतात. कॉन्ट्रिब्युशन पीरियड म्हणजे सहा सहा महिन्यांचे दोन तुकडे, १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. तुमचे चार पीरियड म्हणजे २४ महिने, त्यातले अडीच महिने घरी, उरले साडेएकवीस. १८,५०० ने गुणलं की ३,९७,७५०. भागिले ७३०, आले ५४५ च्या जवळपास, त्याचे अर्धे २७२, गुणिले ९०, म्हणजे साडेचोवीस हजाराच्या आसपास. ते अडीच महिने घरी बसवलं नसतं तर सत्तावीस हजारावर गेले असते, म्हणजे कंत्राटदार बदलायच्या खेळात तुमचे इथेही पावणेतीन हजार गेले.

राजीव गांधी योजनेत पहिले १२ महिने रोजच्या सरासरी पगाराच्या ५० टक्के आणि पुढचे १२ महिने २५ टक्के. ढोबळ धरलं तर पहिल्या वर्षी महिन्याला नऊ सव्वानऊ हजार, दुसऱ्या वर्षी साडेचार हजार. पूर्ण दोन वर्षं काम नाहीच मिळालं तर दीड लाखाच्या वर जातात, मधे नोकरी लागली की बंद. वर या काळात कुटुंबासकट दवाखाना, आणि एखादं ट्रेनिंग केलं तर त्याची फीसुद्धा ईएसआयसी देते. तर एका बाजूला हे आणि दुसऱ्या बाजूला सुपरवायझरचे १०,०००.

पण उगाच आशा लावत नाही, इथे एक खड्डा आहे. १६ डिसेंबरला नव्या कंत्राटदाराने जे जॉइनिंग लेटर दिलं असेल (दिलं असेल तर!) त्याच्यावर कराराची मुदत लिहिलीय का बघा. "१६ डिसेंबर ते १५ एप्रिल" असं काही असेल तर मुदत संपून गेलेली नोकरी कायदा रिट्रेंचमेंटमध्ये धरत नाही, मग दोन वर्षांवाली स्कीम अवघड होते आणि तुमच्या हातात अटलच राहते. मुदत लिहिलेली नसेल किंवा मुदत अजून बाकी असताना काढलं असेल तर मग कंत्राटदाराकडे लेखी मागा की पॅकिंग लाइन बंद झाल्यामुळे १५ एप्रिलपासून कामावरून कमी केलं. साध्या मराठीत अर्ज, दोन प्रती, एकीवर पोच. पोच देत नसेल तर पोस्टाने रजिस्टर्ड एडी टाका, त्याची पावती जपा.

आता अटल योजनेच्या अटी तुमच्या तारखांवर लावून बघू, कारण नुसत्या अटी वाचून काही कळत नाही.

नोकरी जायच्या आधी किमान दोन वर्षं विम्याखालची नोकरी हवी. तुमचा २०१८ पासून कापतायत. मग नोकरी गेली त्याच्या लगेच आधीच्या पीरियडमध्ये किमान ७८ दिवसांचं कॉन्ट्रिब्युशन हवं. नोकरी गेली १५ एप्रिलला, तर लगेच आधीचा पीरियड ऑक्टोबर ते मार्च, तोच तुमचा तुटका पीरियड. १६ डिसेंबर ते ३१ मार्च मोजले तर १०६ दिवस होतात, आणि कंत्राटदाराने महिन्याला २६ च दिवस भरले असतील तरी ९१ होतात. म्हणजे सुटलात, पण थोडक्यात सुटलात. जानेवारीत घेतलं असतं आणि मधे आठ दहा खाडे असते तर इथेच गाडी अडली असती. शिवाय त्याआधीच्या तीन पीरियडपैकी कुठल्याही एकात ७८ दिवस हवेत, तुमचे तिन्हींत आहेत.

हे सगळं कधी, तर दिवस खरोखर भरले गेले असतील तर. पे-स्लिपवर कापले म्हणजे भरलेच असं नाही. १८,५०० वर तुमचा वाटा ०.७५ टक्के, म्हणजे १३९ रुपये, आणि मालकाचा ३.२५ टक्के. पोर्टलवर तुमच्या दहा आकडी इन्शुरन्स नंबरने लॉगिन करून कॉन्ट्रिब्युशन हिस्ट्री उघडा, महिन्याचे दिवस आणि पगार समोर दिसतो. स्क्रीनशॉट काढून ठेवा.

आणि लॉगिन केल्यावर सगळ्यात आधी एक बघा, नंबर कुठला आहे. कंत्राटदार बदलला की नवीन पेरोलवाले जुना नंबर विचारायचा कंटाळा करतात आणि सरळ नवीन नंबर काढतात. मग होतं काय की नव्या नंबरवर तुम्ही १६ डिसेंबरला जन्मलेल्या कामगार दिसता, २०१८ पासूनचं सगळं दुसऱ्या नंबरवर पडून, आणि दोन वर्षांच्या अटीत क्लेम आपटतो. जुनं ओळखपत्र शोधा, हळदीकुंकवाच्या डब्यात नाहीतर लेकीच्या शाळेच्या फाइलमध्ये सापडेल, आणि नव्या पे-स्लिपवरच्या नंबरशी आकडा न् आकडा जुळवा. दोन निघाले तर क्लेमच्या आधी ब्रँच ऑफिसला दोन्ही नंबर एकत्र करायचा अर्ज द्या. दुसरी कटकट नावाची. ईएसआयवर माहेरचं आडनाव आणि आधारवर सासरचं, हे मी इतक्या वेळा बघितलंय की मोजणं सोडलं. पैसे थेट बँकेत येतात आणि आधार, बँक खातं दोन्ही जोडलेलं असावं लागतं, तेव्हा हे आत्ता निस्तरा.

राजीनामा दिलेल्या त्या सहा जणींचं काय, असं तुम्ही विचारलं नाहीत पण मनात असेलच. अटल योजनेत तीन कारणं बाद आहेत, गैरवर्तनाची शिक्षा म्हणून काढलेलं, वयामुळे रिटायर झालेलं आणि स्वेच्छानिवृत्ती. "राजीनामा" हा शब्द त्या तिनात नाही, पण समोर स्वखुशीने लिहिलेला कागद असला की ब्रँचमधल्या माणसाने तो स्वेच्छेच्या खान्यात टाकला तर भांडायचं तुम्हालाच. त्यांना सांगा की क्लेम तरीही टाका, आणि सोबत ग्रुपवरचा तो मेसेज लावा. "उद्यापासून येऊ नये" असं १५ एप्रिलला सुपरवायझरने लिहिलं आणि राजीनाम्याची तारीख १७ एप्रिल, मग सहा जणींची वैयक्तिक कारणं एकाच दिवशी कशी काय आली? मेसेजचा स्क्रीनशॉट तारीख, वेळ आणि नंबर दिसेल असा काढा, आजच काढा, ग्रुप डिलीट करायला एक मिनिट लागतं.

पगार अडकवायची धमकी मात्र पोकळ आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू आहे, त्यात काढलं काय, कपात केली काय किंवा स्वतः राजीनामा दिला काय, राहिलेला पगार कामाच्या दोन दिवसांत द्यायचा आहे. सही आणि पगार यांचा काही संबंध नाही. १५ एप्रिल उलटून गेलाय, तेव्हा सुपरवायझरला फक्त एवढंच विचारा की पगार कधी जमा होतोय, आणि तेही मेसेजवर विचारा, फोनवर नको. नाही दिला तर ठाण्याच्या लेबर ऑफिसला अर्ज.

कपातीची नुकसानभरपाई, म्हणजे एक महिन्याची नोटीस आणि पूर्ण झालेल्या दर वर्षाला १५ दिवसांचा पगार, हा जुन्या औद्योगिक विवाद कायद्यातला हिशोब नव्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे, पण त्याला एक वर्षाची सलग नोकरी लागते, ती २४० दिवसांवर मोजतात. या कंत्राटदाराकडे तुमचे चारच महिने. तेव्हा इथे तुमची बाजू लंगडी आहे, खोटं कशाला सांगू. अडीच महिन्यांच्या त्या गॅपचं खरं कारण काय असावं असं तुम्हाला वाटतं? तीच मशीन, तोच डबा, तीच टेप. जुन्या कंत्राटदाराकडची सात वर्षं धरता येतील का हे बघायला एखाद्या युनियनवाल्याला किंवा लेबरच्या वकिलाला कागद दाखवा, अकरा जणी मिळून गेलात तर खर्च वाटला जाईल. नव्या संहितेत अजून एक आहे, कपात झालेल्या कामगाराच्या खात्यात १५ दिवसांच्या पगाराएवढी रक्कम नवीन कौशल्य शिकण्याच्या फंडातून ४५ दिवसांत जमा व्हायची तरतूद. तीही कपात झालेल्यालाच. परत तोच शब्द.

मैत्रिणीचं. पगार २१,००० च्या वर गेला की ईएसआय सुटतो, पण लगेच नाही, चालू पीरियड संपेपर्यंत कापतात. समजा तिचा पगार मागच्या ऑगस्टमध्ये २२,४०० झाला, तर ३० सप्टेंबरपर्यंत कापले असतील आणि ऑक्टोबर ते मार्च शून्य. मग लगेच आधीच्या पीरियडचे ७८ दिवस कुठून आणणार, तिला नाही मिळणार. पण तिला एक विचारा, २२,४०० मध्ये ओव्हरटाइम धरलाय का? २१,००० ची मर्यादा बघताना ओव्हरटाइम धरत नाहीत. तिचा मूळ पगार १९,५०० आणि बाकी ओटी असेल तर तिला बाहेर काढलं हेच चूक, तिने पे-स्लिपा घेऊन ब्रँचला तक्रार द्यावी.

लेकीच्या कार्डाची काळजी नको. एप्रिल ते सप्टेंबरच्या कॉन्ट्रिब्युशनवर जानेवारी ते जून आणि ऑक्टोबर ते मार्चच्या कॉन्ट्रिब्युशनवर जुलै ते डिसेंबर असा दवाखाना चालतो. तुमचे दोन्हींत पुरेसे दिवस आहेत, तेव्हा ३१ डिसेंबरपर्यंत वाशीच्या ईएसआय हॉस्पिटलला नेहमीसारखं जा. काउंटरवर कोणी "नोकरी सुटली ना, आता कशाला आलात" म्हणालं तर हिस्ट्रीचा स्क्रीनशॉट दाखवा.

क्लेम कधी टाकायचा, तर नोकरी जाऊन ३० दिवस झाल्यावर, म्हणजे तुमच्या बाबतीत १६ मेच्या पुढे. आधी ही मुदत ९० दिवसांची होती आणि फॉर्म मालकाकडून पुढे जायचा, ते दोन्ही २०२० ला बदललं, आता तुम्ही स्वतः ऑनलाइन टाकता. पोर्टलवर लॉगिन, फॉर्म, आधारची कॉपी, पासबुकचं पहिलं पान, बस. स्टॅम्प पेपरवरचं अॅफिडेव्हिटही त्याच वर्षी काढून टाकलं, सायबरवाला अजून त्याच्याच नावाने पैसे घेत असेल तर तो सहा वर्षं मागे आहे. एक मात्र करा, ही अटल योजना मुळात दोन वर्षांसाठी आली होती आणि तेव्हापासून मुदतवाढीवर मुदतवाढ घेत चाललीय, तेव्हा १६ मेची वाट न बघता या आठवड्यातच ब्रँच ऑफिसला एक चक्कर मारा आणि १५ एप्रिलच्या तारखेसाठी चालू आहे ना, कुठले कागद लागतील, एवढं विचारून या. तुमचं ब्रँच ऑफिस कुठलं ते पोर्टलवर तुमच्या नावाखालीच दिसतं. जाताना त्या चौघींनापण न्या ज्यांनी अजून सही केलेली नाही.

सुपरवायझरने परत फोन केला की सांगायचं, कागद नवऱ्याकडे आहे. नवरे कधीतरी असेपण उपयोगाला येतात.